दुबईत नोकरी आणि आठवड्यातून एकच सुट्टी : २० दिरहममध्ये शहर कसं बघायचं?

गल्फला गेलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात घरून एक प्रश्न हमखास येतो. "मग, काय काय बघितलंस दुबईत?"

उत्तरही ठरलेलं असतं. "बुर्ज खलिफा बघितला."

कुठून बघितला, हे कुणी विचारत नाही. कंपनीच्या बसच्या खिडकीतून, पहाटे साडेपाचला, साईटवर जाताना, अर्धवट झोपेत.

संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे यूएईत ३५ लाखांहून जास्त भारतीय राहतात. त्यात बँकवाले आणि आयटीवाले आहेत, तसेच इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, नर्स, हॉटेलातले कुक आणि मॉलच्या दारात बारा तास उभे राहणारे सिक्युरिटी गार्डही आहेत. आयटीवाल्याला दोन दिवस सुट्टी, गाडी आणि मित्रमंडळ. त्याचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो आठवड्यातून एक दिवस मिळणाऱ्यांचा. यातले कितीतरी जण चार-पाच वर्षं काढून गावी परततात, तेव्हा त्यांनी बघितलेली दुबई म्हणजे कॅम्प, साईट आणि विमानतळ.

असं का होतं? आणि त्या एका दिवसात, फार पैसे न घालवता, हे शहर बघता येतं का?

येतं. पण आधी सुट्टीचं गणित समजून घेऊ, कारण घोळ तिथेच आहे.

सुट्टी नक्की कधी असते?

आपल्याकडे अजूनही समज आहे की आखातात शुक्रवारी सुट्टी. हे आता जुनं झालं. यूएईच्या सरकारी कचेऱ्यांना २००६ पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी होती. १ जानेवारी २०२२ पासून ती शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवार अर्धा दिवस. शेजारच्या शारजानं तर शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी केली.

हे झालं सरकारी नोकरांचं. खासगी कंपन्यांसाठी २०२१ चा कामगार कायदा आहे, तो फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात लिहिलंय की आठवड्यातून किमान एक दिवस पगारी सुट्टी मिळालीच पाहिजे. वार कोणता, हे तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये किंवा कंपनीच्या नियमांत असतं. घरकाम करणाऱ्यांसाठी कायदा वेगळा आहे, पण आठवड्याची एक पगारी सुट्टी त्यांनाही आहे.

म्हणजे सुट्टी ही मालकाची मेहेरबानी नाही. "सुट्टी मागितली तर साहेब काय म्हणेल" असं वाटणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

मग सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं तर? कायद्याप्रमाणे त्याबदल्यात दुसरा दिवस सुट्टी द्यायची, नाहीतर त्या दिवसाची मजुरी आणि वर बेसिकच्या किमान ५० टक्के द्यायचे. शिवाय रोजंदारीवरचे कामगार सोडले तर कुणालाही सलग दोनपेक्षा जास्त सुट्ट्यांना कामावर बोलावता येत नाही.

आता इथे पेन घ्या. समजा तुमचा बेसिक ९०० दिरहम आहे. दिवसाचे झाले ३०. भत्ते बाजूला ठेवले तर सुट्टीच्या दिवशी काम केल्याचे ३० अधिक १५, म्हणजे ४५ दिरहम मिळणार. आपल्या पूर्ण दिवसाची किंमत ती. एखाद्या महिन्यात बहिणीचं लग्न आहे, घराचा स्लॅब पडायचाय, तर ते ४५ दिरहम लागतात. घ्यावेत. पण वर्षाच्या ५२ सुट्ट्या अशाच विकणारे लोक आहेत आणि त्यांना कुणी हा हिशेब मांडून दाखवलेला नसतो. ओव्हरटाइमचा आकडा पगाराच्या चिठ्ठीवर एकत्र येतो, त्यामुळे तो मोठा वाटतो.

रुपयात गुणण्याचा आजार

सुट्टी मिळाली तरी माणूस खोलीबाहेर पडत नाही, याचं दुसरं कारण म्हणजे गुणाकार. चहा दोन दिरहम. गुणिले वीसच्या वर. चाळीसहून जास्त रुपयांचा चहा! नको. खोलीतच करू. मेट्रो पाच दिरहम. शंभरावर रुपये! नको. झोपू.

पहिले दोन-तीन महिने हे सगळ्यांना होतं. एजंटचं कर्ज फिटेपर्यंत तर व्हावंच लागतं. पण कर्ज फिटल्यावरही गुणाकार सुटत नाही, तेव्हा माणूस दिरहममध्ये कमावतो आणि रुपयात घाबरतो.

गंमत म्हणजे ६० वर्षांपूर्वी दुबईत हा गुणाकार करावाच लागला नसता, कारण तेव्हा तिथे भारताचा रुपयाच चालायचा. दुबईमार्गे सोन्याची तस्करी फार वाढली आणि भारताचं परकीय चलन त्यात वाहून जायला लागलं, म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्याला गल्फ रुपया म्हणायचे. जून १९६६ मध्ये भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं, तसा दुबईनं रुपया सोडला. दिरहम आला तो १९७३ मध्ये.

सोनापूर आणि 'बॅचलर'

तिसरं कारण म्हणजे राहायची जागा. दुबईच्या कडेला मुहैसना नावाचा भाग आहे. तिथे कामगारांचे मोठे कॅम्प आहेत आणि लोक त्याला सोनापूर म्हणतात. सोन्याचं गाव, असा अर्थ. मुंबईच्या माणसाला हे नाव ऐकून जरा दचकायला होतं, कारण मुंबईत सोनापूर म्हणजे स्मशान. नाव कुणी ठेवलं देव जाणे, त्याला मुंबई माहीत नसावी.

अल कूझ, जेबेल अली इथेही असेच कॅम्प आहेत. शहर इथून दिसतं, पण चालत जाता येत नाही. आठ-दहा पदरी रस्ते, मधे वाळू आणि गोदामं. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी माणूस चप्पल घालून नाक्यावर जातो आणि दिवस निघतो. तिथे नाकाच नाही.

त्यात 'बॅचलर' हा शब्द. दुबईत बॅचलर म्हणजे अविवाहित नव्हे. गावाकडे बायको आणि दोन पोरं असली तरी इथे कुटुंबाशिवाय राहणारा पुरुष बॅचलरच. कुटुंब आणायचं तर किमान ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि कंपनीचं घर, अशी अट आहे. ती बहुतेक कामगारांना पुरी करता येत नाही. त्यामुळे शहरात बॅचलर लाखोंनी आहेत आणि 'फॅमिली ओन्ली' अशा पाट्याही दिसतात. अशी एखादी पाटी दिसली की माणूस ठरवून टाकतो की हे शहर आपल्यासाठी नाही.

नव्या दुबईबद्दल ते काही अंशी खरंही आहे. म्हणून सुरुवात जुन्या दुबईपासून करायची.

खाडीवरचा दिवस

आधी नोल कार्ड घ्या. सिल्व्हर कार्ड २५ दिरहमला मिळतं, त्यातले १९ प्रवासासाठी कार्डातच असतात. मेट्रो आणि बस दोन्हीला हेच चालतं. भाडं झोनवर ठरतं: एका झोनमध्ये ३ दिरहम, दोन झोनना ५, त्याहून जास्त कितीही झोन असले तरी साडेसात. बसमधून उतरून अर्ध्या तासाच्या आत मेट्रो पकडली तर तो एकच प्रवास धरला जातो, वेगळे पैसे कापत नाहीत. हे माहीत नसल्यामुळे बरेच जण उगीच टॅक्सी वाटून घेतात.

दुबई मेट्रो ९ सप्टेंबर २००९ ला सुरू झाली. गाडीला ड्रायव्हर नाही, त्यामुळे पहिल्या डब्यात सगळ्यात पुढे उभं राहिलं की समोरचे रूळ दिसतात. मोठी माणसंही तिथे उभी राहायला धडपडतात, लाज वाटून घेऊ नका. फक्त पुढचा डबा गोल्ड क्लासचा असेल तर सिल्व्हर कार्डावर तिथे शिरू नका, दंड होतो. बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळा डबा आहे, खाली गुलाबी पट्टी असते, पुरुषांनी तेवढी बघून चढावं. आणि गाडीत खाणं-पिणं बंद, १०० दिरहम दंड. च्युइंगगमसुद्धा नाही.

ग्रीन लाइननं अल घुबैबा स्टेशनला उतरा. बाहेर पडून खाडीकडे चालत गेलात की बर दुबईचा जुना बाजार लागतो. कापडाची दुकानं आणि तिथून जवळच हिंदी लेन नावाची एक चिंचोळी गल्ली. फुलं, उदबत्त्या, नारळ. या गल्लीला लागून अनेक वर्षं मंदिर होतं. २०२२ मध्ये जेबेल अलीला मोठं नवं मंदिर उघडलं, आता दर्शनाला तिकडे जायचं. गल्ली मात्र अजून तशीच वास मारते, म्हणजे चांगल्या अर्थानं. दादरच्या फुलबाजाराची आठवण येते.

इथून थोडं पुढे अल फहिदी हा जुना मोहल्ला. पूर्वी त्याला बस्ताकिया म्हणायचे, कारण इराणमधल्या बस्तक भागातून आलेले व्यापारी इथे राहायचे. घरांवर चौकोनी मनोरे दिसतील, ते वाऱ्याचे मनोरे. वरून वारा आत ओढायचा आणि तो खाली खोलीत सोडायचा. विजेच्या आधीचा एसी. जो माणूस आठवडाभर डक्टिंगचं काम करतो त्यानं तर हे बघावंच. आपल्याच धंद्याचा खापरपणजोबा आहे तो. गल्ल्यांमधून हिंडायला पैसे लागत नाहीत. शेजारी १७८७ चा अल फहिदी किल्ला आहे, दुबईतली सगळ्यात जुनी उभी असलेली इमारत.

आणि मग अब्रा.

अब्रा म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी. कोकणातल्या माणसाला सांगायचं तर तर. मधोमध बाक, दोन्ही बाजूंना तोंड करून वीसेक माणसं बसतात, होडी भरली की निघते. भाडं एक दिरहम, नावाड्याच्या हातात रोख. जेमतेम पाच-सात मिनिटांचा प्रवास. त्या बाकावर शेजारी जर्मन टूरिस्ट असतो, बांगलादेशी हमाल असतो, गुजराती कापडवाला असतो आणि तुम्ही असता. सगळ्यांचं तिकीट सारखं. या शहरात असं फार ठिकाणी होत नाही.

खाडीवर पहिला पूल १९६३ मध्ये झाला. त्याआधी या काठावरून त्या काठावर जायचं तर होडी, नाहीतर खाडीला लांबचा वळसा. आज खालून मेट्रो जाते, खाली बोगदा आहे, वर पूल आहेत, तरीही लोक अब्रानं जातात.

पलीकडचा काठ म्हणजे डेरा. धक्क्याला लागलेल्या मोठ्या लाकडी गलबतांवर फ्रिज, टायर, बिस्किटांचे खोके चढत असतात. इराण आणि आफ्रिकेकडे माल जातो. एके काळी याच खाडीतून सोन्याची बिस्किटं घेऊन होड्या आपल्या किनाऱ्याकडे निघायच्या. ज्यांनी सत्तरच्या दशकातले हिंदी सिनेमे बघितलेत त्यांना जास्त सांगायला नको.

डेऱ्यात मसाल्याचा बाजार आणि त्याला लागून सोन्याचा बाजार. तिथे जवळपास ६४ किलो वजनाची एक अंगठी काचेत ठेवलेली आहे. फोटो काढा, घरी पाठवा, घरचे आठवडाभर तोच फोटो फिरवतील. इथली बरीच दुकानं दुपारी बंद असतात आणि चारनंतर उघडतात, त्यामुळे दुपार अलीकडच्या काठावर काढून मग होडीत बसा.

हिशेब बघा. लांबच्या कॅम्पवरून आलात तरी जाता-येता १५ दिरहम, होडीचे २, कडक चहाचे एक-दोन. झाले १९. जेवण वेगळं, पण डेऱ्यात आणि करामात स्वस्त खानावळी भरपूर आहेत, भातापासून वडापावपर्यंत सगळं मिळतं.

चौकात उभं राहणं म्हणजे टाइमपास नाही

डेऱ्यात बनियास स्क्वेअर आहे. जुने लोक अजून नासर स्क्वेअर म्हणतात. सुट्टीच्या संध्याकाळी इथे आणि जवळच्या सबखा, नैफ या भागांत हजारो माणसं नुसती उभी असतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, ही गर्दी कसली? नीट बघितलं तर या गर्दीला रचना आहे. या खांबापाशी एका जिल्ह्याचे लोक, त्या दुकानासमोर दुसऱ्या. यासर एल्शेश्तावी नावाच्या स्थापत्य अभ्यासकानं दुबईवर २०१० मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात चकचकीत टॉवर सोडून याच चौकांचा अभ्यास केलाय.

ही माणसं तिथे काय करतात? कुठल्या कंपनीत पगार वेळेवर होतो, कुठे तीन महिने थकलाय, कुठे वेल्डर हवेत, कुठल्या बिल्डिंगमध्ये बेडस्पेस रिकामी आहे, पुढच्या आठवड्यात गावी कोण चाललंय आणि त्याच्या बॅगेत दोन किलो जागा आहे का, हे सगळं इथे कळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर जॉबच्या शंभर जाहिराती येतात, त्यातल्या किती खोट्या, हे सांगणारा माणूस चौकात भेटतो. खोलीत झोपून राहणाऱ्याला हे कळत नाही, आणि त्याची फसवणूक सोपी होते. माझ्या मते सुट्टीला बाहेर पडण्याचं सगळ्यात मोठं कारण बुर्ज खलिफा नाही, हे आहे.

डेऱ्यात आणखी एक गोष्ट चालायची, जी वाचून कोल्हापूरकर खूश होतील. कुस्ती! जुन्या मासळी बाजाराजवळच्या मोकळ्या वाळूत वर्षानुवर्षं शुक्रवारी संध्याकाळी कुस्त्या लागायच्या. पैलवान बहुतेक पाकिस्तानी आणि भारतीय पंजाबातले, आठवडाभर हमाली किंवा ड्रायव्हरी करणारे. लोक गोल करून बसायचे, जिंकलेला पैलवान कडेनं फिरून बक्षीस गोळा करायचा. तिकीट नाही, स्टेडियम नाही. लाल माती तेवढी नव्हती.

आणि ते टॉवर?

तेही बघा की. बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे आणि ४ जानेवारी २०१० ला खुला झाला. वर जायचं तिकीट महाग आहे, खालून बघायला फुकट. मेट्रो स्टेशनपासून दुबई मॉलपर्यंत झाकलेला एसी रस्ता आहे, पाऊण किलोमीटरहून थोडा लांब. मॉलमध्ये काही विकत घ्यावंच लागतं असं नाही.

जुमेराच्या सार्वजनिक किनाऱ्यांवर जायला पैसे पडत नाहीत. झबील पार्कसारख्या मोठ्या बागांना ५ दिरहम, तेही नोल कार्डावरून. इतिहासाची आवड असेल तर एतिहाद म्युझियम २५ दिरहम, ज्या जागी २ डिसेंबर १९७१ ला यूएई हा देश झाला तिथेच ते उभं आहे. थंडीत रास अल खोरच्या पाणथळीत फ्लेमिंगो येतात, बघायला आडोसे बांधलेत, तिकीट नाही. शिवडीला जाऊन बघितले असतील तर तेच रोहित इथेही.

पण हे सगळं नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो. सरकारच १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायला लावतं, तेव्हा सुट्टीच्या दिवशी त्याच वेळेत हिंडायचं डोक्यात आणू नका. त्या दिवसांत संध्याकाळी निघा, समुद्रावर रात्री जा.

लागून दोन दिवस मिळाले तर अबुधाबी. अल घुबैबा स्टँडवरून ई१०० नंबरची बस, २५ दिरहम. शेख झायद मशीद बघायला तिकीट नाही, फक्त आधी ऑनलाइन नोंदणी करा आणि अंगभर कपडे घाला. १४ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन झालेलं दगडी हिंदू मंदिरही अबुधाबीतच आहे, पण ते शहराबाहेर पडतं, त्यासाठी वेगळा दिवस ठेवलेला बरा.

ज्यांची सुट्टी मंगळवारी किंवा बुधवारी येते, हॉटेलवाले, मॉलवाले, गार्ड, त्यांना वाटतं आपलं नशीब फुटकं. मित्र कुणी मोकळा नसतो, हे खरं. पण बाजार, मेट्रो, म्युझियम सगळं निवांत असतं.

खिशात काय असावं

एमिरेट्स आयडी कायम जवळ ठेवा. पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेणं तिथल्या कायद्यात बसत नाही, हेही माहीत असू द्या. झेब्रा सोडून रस्ता ओलांडला तर ४०० दिरहमपासून दंड आहे, म्हणजे वरच्या हिशेबानं नऊ सुट्ट्यांचा ओव्हरटाइम एका उडीत. अनोळखी माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो काढू नका, रील तर नकोच. आणि सुट्टी देत नाहीत, पगार अडकलाय, असं काही असेल तर भारत सरकारच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर ८००४६३४२ फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. लक्षात ठेवायला सोपा आहे, ८०० च्या पुढे कीपॅडवर इंडियाची इंग्रजी स्पेलिंग दाबायची.

मेट्रो रात्री १२ पर्यंत असते, शुक्रवारी १ पर्यंत. तुमची सुट्टी रविवारी असेल तर मात्र पहाटे उठून स्टेशनवर जाऊन बसू नका. रविवारी पहिली गाडी सकाळी ८ ला निघते. तोवर कपडे धुऊन वाळत घाला.